शेवटचा नंबर कोणाचा?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, क्रीडा दिनाला मूल घरी गेलं की पहिला प्रश्न ठरलेलाच, "नंबर आला का?" मूल 'नाही' म्हणालं की विषय संपला! आज मला तुम्हाला भूतानबद्दल सांगायचंय.

आपल्या या शेजारी देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. 1984 साली लॉस एंजेलिसला भूतान पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरला, तो सहा तिरंदाज घेऊन. तिरंदाजी त्यांचा राष्ट्रीय खेळ. गावाकडे ते सुमारे 145 मीटरवरच्या छोट्याशा लाकडी फळीवर नेम धरतात. ऑलिम्पिकचं अंतर, धनुष्य, नियम सगळंच वेगळं. म्हणजे स्वतःचाच खेळ नव्याने शिकायचा!

2008 पर्यंत ते फक्त तिरंदाजीतच उतरले. 2012 ला नेमबाजीची भर पडली. टोकियो ऑलिम्पिकसाठी कर्मा ही तिरंदाज थेट पात्र ठरली. अशी पात्रता मिळवणारी ती पहिली भूतानी खेळाडू. त्याआधीचे खेळाडू विशेष प्रवेशावर जात होते.

2024 ला पॅरिसमध्ये किन्झांग ल्हामो महिलांची मॅरेथॉन धावली. विजेती पोहोचल्यानंतर तब्बल दीड तासाने ती आली. वेळ 3 तास 52 मिनिटं 59 सेकंद, क्रमांक 80 वा, म्हणजे शेवटचा. काही जणींनी शर्यत मधेच सोडली होती. ही मात्र कधी धावत, कधी चालत पुढे जात राहिली आणि रस्त्याकडेचे लोक टाळ्या वाजवत राहिले. भूतानला ऑलिम्पिक पदक अजून मिळालेलं नाही. तरी दर वेळी संघ जातोच.

हे वाचताना मला माझीच चूक आठवली. आमच्या 100 मीटर शर्यतीत चौथीतली एक मुलगी अजून धावत होती आणि मी पुढच्या गटासाठी शिट्टी वाजवली. ती मधेच थांबली, मान खाली घालून बाजूला झाली. नंतरच्या एकाही शर्यतीत तिने नाव दिलं नाही.

जिंकणं महत्त्वाचं नाही, असं मी म्हणणार नाही. पहिल्या आलेल्या मुलाचं कौतुक व्हायलाच हवं. पण शेवटचं मूल रेषा ओलांडेपर्यंत शर्यत संपलेली नसते, एवढं तरी आपण पाळूया. आता मी तोवर शिट्टी वाजवत नाही.

आणि पालकहो, घरी विचारायचंच असेल तर आधी एवढं विचारा, "शेवटपर्यंत धावलास ना?"