गाडी मिसिंग मारते? आधी प्लग पाहा



शेतकऱ्याच्या घरी चारचाकी आली की ती मिरवायची वस्तू राहत नाही. पहाटे मेथीच्या जुड्या घेऊन ती बाजाराला जाते, दुपारी खताची पोती आणते, आणि रात्री-अपरात्री सूनबाईंना कळा सुरू झाल्या की तीच तालुक्याच्या दवाखान्याकडे धावते. ती चढावर धक्के देऊ लागली, किंवा पावसाळी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली, तर 'उद्या बघू' म्हणून चालत नाही. पेट्रोलच्या गाडीत या दुखण्याचे मूळ पुष्कळदा शे-दोनशे रुपयांच्या प्लगमध्ये किंवा त्याच्या वायरीत असते. डिझेलच्या ट्रॅक्टरला हे लागू नाही, कारण डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. परंतु ओम्नी, ८००, ईको, आणि झालेच तर मोटारसायकल व पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप, या सगळ्यांचा जीव प्लगात आहे.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला दीड हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडावी लागते. बॅटरी बारा व्होल्टची, पण कॉईल त्याचे हजारो व्होल्ट करते, तेव्हा कुठे ती प्लगाच्या दोन टोकांमधील फट ओलांडते. या फटीलाच आपण गॅप म्हणतो. गॅप फार कमी असेल तर ठिणगी बारीक पडते आणि मिश्रण नीट पेटत नाही. फार जास्त असेल तर वीज ती फट ओलांडण्याऐवजी वायरीच्या कुजक्या जागेतून बाहेर पळते. शिवाय वापराने टोके झिजतात आणि गॅप आपोआप वाढत जाते. आज बरोबर लावलेला प्लग दहा हजार किलोमीटरनंतर तसाच राहील असे समजू नका.

गॅप किती ठेवावी? कॉईल-पॉइंटच्या जुन्या गाड्यांत साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर, आणि इंजेक्शनच्या गाड्यांत बहुधा ०.९ ते १.१ मिलिमीटर. पण शेवटचा शब्द गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकाचा. ते धान्याच्या कोठीवर धूळ खात पडले असेल तर खाली काढा. आपल्याकडे फिटर हॅकसॉचे पाते घालून गॅप बघतात. त्या पात्याची जाडी साधारण ०.६३ मिलिमीटर असते, म्हणून जुन्या गाडीला ते कसेबसे चालून जाई. १.१ गॅपच्या गाडीला तेच पाते लावले तर आपण ठिणगी निम्म्यावर आणली की! फीलर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो घरात असावा. गॅप बदलताना फक्त बाजूचा वाकडा पाय हलक्या हाताने वाकवावा. मधल्या टोकावर कधीही जोर देऊ नये, आतील पांढरी चिनी माती तडकते आणि ती तडक डोळ्यांना दिसतही नाही. इरिडियमचे प्लग मिळतात, त्यांचे मधले टोक सुईसारखे बारीक असते. ते ताराच्या ब्रशने घासू नयेत.

आता निवड. दुकानदार म्हणतो, 'घ्या हो, सगळे सारखेच.' सारखे नाहीत. पहिली गोष्ट आट्यांची जाडी आणि लांबी. आटे गरजेपेक्षा लांब असले तर प्लगाचे टोक पिस्टनला धडकू शकते. आखूड असले तर ठिणगी खोबणीत दबून राहते आणि हेडच्या रिकाम्या आट्यांत काजळी भरते. दुसरी गोष्ट, प्लगाची 'गरमी'. गरम प्लग म्हणजे गरम ठिणगी नव्हे. टोकाची उष्णता हेडकडे किती चटकन जाते, त्यावरून प्लग गरम किंवा थंड ठरतो. टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापले तर त्यावरची काजळी जळून जाते, आणि ८५० च्या आसपास गेले तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू लागते. ते पिस्टनला भोक पाडायला पुरेसे आहे.

इथे एक मोठा घोळ आहे, तो नीट वाचा. एन.जी.के. प्लगावर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या प्लगावर नेमके उलटे, आकडा मोठा तर प्लग गरम. बॉशचे प्लग म्हणजेच आपल्या जुन्या फिटरांचे 'मायको'. बेंगळुरूची ती कंपनी १९५१ साली निघाली आणि २००८ साली तिने बॉश हे नाव घेतले. तेव्हा मायकोचा सात नंबर निघाला म्हणून दुसऱ्या कंपनीचा सात नंबर बसवणे चूक आहे. दुकानदाराकडून गाडीचे मॉडेल आणि साल सांगून तक्त्यातला प्लग मागावा. एन.जी.के.च्या 'बी.पी.आर. ६ ई.एस.' या खुणेत 'बी' म्हणजे १४ मिलिमीटर आटे, 'आर' म्हणजे आत रोधक बसवलेला, ६ ही गरमी आणि 'ई' म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. शेवटी ११ असे जोडलेले असले तर गॅप १.१ मिलिमीटर. इंजेक्शनच्या गाडीला रोधकाचाच प्लग हवा. साध्या प्लगाच्या ठिणगीची खरखर तिच्या कॉम्प्युटरला गोंधळात पाडू शकते.

काढलेला प्लग फेकण्याआधी बघा, तो बोलतो. टोक राखाडी किंवा फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवा कमी मिळते आहे. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर आधी एअर फिल्टर उघडावा. ओले तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले, तिथे नवा प्लग चार दिवसच टिकेल. पांढरेफटक व फोडफोड आलेले असेल तर इंजिन जास्त तापते आहे, ते थांबवून कारण शोधा.

वायरींकडे मात्र कोणी बघत नाही, आणि माझ्या मते जुन्या गाडीत प्लगापेक्षा जास्त त्रास त्याच देतात. शेजारच्या वाडीतील एका गृहस्थांची ओम्नी पावसाळ्यात पहाटे तीनपैकी दोनच सिलिंडरवर चाले. माल भरून घाटात गेली की खाली उतरणे भाग पडे, आणि ऊन पडले की गाडी शहाणी. एका फिटरने कार्बोरेटर खोलला. दुसऱ्याने हेड उतरवायचे सांगितले आणि घरात दोन शेळ्या विकायची बोलणी सुरू झाली. शेवटी अंधारात पुढची सीट उचलून, इंजिन चालू ठेवून पाहिले तर मधल्या वायरीतून हेडवर निळ्या ठिणग्या नाचत होत्या. रबराला भेग पडली होती, दव धरले की वीज तिथून उतरे. वायरींचा नवा संच घातला आणि शेळ्या गोठ्यातच राहिल्या.

ही अंधारातली परीक्षा तुम्हीही करू शकता, पण पदर, उपरणे, मोकळे केस पट्ट्यापासून दूर ठेवा आणि वायरीला हात लावू नका. तो झटका साधा नसतो. चालू इंजिनावर एकेक वायर उपसून पाहण्याची जुनी पद्धत इंजेक्शनच्या गाडीवर मुळीच करू नये. कॉईल जळते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील महागड्या जाळीत जाऊन तिची राख करते. त्यापेक्षा गाडी बंद करून वायरी काढा आणि मोटार वाइंडिंगवाल्याकडे मीटरवर मोजून घ्या. कार्बनच्या वायरीत काही हजार ओहम रोध असणारच. लांब वायरीत तो थोडा जास्त. पण एखादी वायर बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट दाखवत असेल, किंवा काहीच दाखवत नसेल, तर ती आतून तुटली आहे. एकच न बदलता संच बदलावा. वायर काढताना टोपीला धरून ओढावी, वायरीला नव्हे, आणि एका वेळी एकच काढून लगेच बसवावी, म्हणजे क्रम चुकत नाही. धान्याच्या खोलीशेजारी गाडी उभी करत असाल तर उंदरांचे दात आधी तपासा.

प्लग बदलायचा तो इंजिन गार असताना. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गरमागरम प्लग पिळला तर आटेच निघून येतात. आधी हवेच्या पंपाने खाचेतील माती उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. नव्या प्लगाच्या मागच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा बसवून बोटांनीच आटे धरवावेत. आटे तिरके लागले तर नळी घसरते, हेड वाचते. हाताने पूर्ण बसल्यावर १४ मिलिमीटरचा वायसरवाला नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा घट्ट करा. तोच प्लग पुन्हा लावत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, तिथे थोडासाच पिळा पुरतो.

सी.एन.जी.वर चालणारी गाडी असेल तर हे सारे अधिक जपून. गॅस पेटवायला ठिणगीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून किंचित झिजलेला प्लग पेट्रोलवर चालतो आणि गॅसवर धक्के देतो. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, अशी तक्रार असली की किट बदलण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी प्लग काढून पाहा. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगावरच कॉईल बसलेली असते, लांब वायरी नसतात. तिथे कॉईलखालची रबरी टोपी चिरली आहे का एवढे पाहावे.

जुन्या संचातील चांगला राहिलेला एखादा प्लग कागदात गुंडाळून प्लग-पान्यासह सीटखाली ठेवून द्या.