पुराची मदत : पंचनामा बांधावरून नको, सरीत उतरून हवा



पूर ओसरला की गट ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "साहेब, यादीत नाव आलं का?" नाव आले की दुसरा, "आलं, पण एवढंच कसं?" ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठाने हे प्रश्न इतके ऐकले, की त्यावर चार शब्द लिहिणे माझे काम आहे असे वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सरकारी मदत ही भरपाई नव्हे. बी-बियाणे, खताला हातभार एवढाच तिचा हेतू. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी केंद्राने ठरविलेला बागायत पिकाचा दर हेक्टरी १७,००० रुपये, म्हणजे गुंठ्याला १७० रुपये. तोही नुकसान ३३ टक्के वा जास्त असेल तरच. गुंठ्याला टनभर ऊस धरला, तर २०२५-२६ ची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये होती. फरक तुम्हीच पाहा.

दर ठरविणे आपल्या हाती नाही. पण जे मिळायचे तेही निसटते, ते पंचनाम्यात. सोयाबीन कुजले की डोळ्यांना दिसते. ऊस मात्र पाणी उतरल्यावर उभाच असतो. पोंग्यात गाळ बसून शेंडा कुजलेला असतो, पण बांधावरून रान हिरवेच दिसते. महिन्याभराने कांडीवरचे डोळे फुटतात, ऊस पोकळ पडतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तोवर कागद तहसिलीत पोचलेला असतो!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक व कृषि सहायक पंचनाम्याला येतील, तेव्हा कारखान्याचे नोंद रजिस्टर घेऊन आपला चिटबॉय हजर असावा. लागणीची तारीख, जात, गट नंबर, क्षेत्र सारे त्यात आहे. बुडालेल्या उसाची महिन्याने दुसरी पाहणीही व्हावी, अशी मागणी कारखान्याने लेखी करावी. कोणी म्हणेल, कारखान्याची माणसे सभासदाचीच बाजू घेणार. पण आपल्या नोंदीचा हिशेब शेवटी काट्यावर होतो. फुगविलेला आकडा तिथे उघडा पडतोच.

आता आपल्या चुका. ई-पीक पाहणी राहिलेली, ओळख क्रमांक काढलेला नाही, सातबारा अजून आजोबांच्या नावावर, बँक खात्याला आधार जोडलेले नाही. मग नाव यादीत येऊनही पैसे अडकतात. ही कामे पावसाळ्याआधी उरकावीत. आमचे गट ऑफिस मदतीला आहे.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. रान खंडाने वा वाट्याने कसतो एक, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे. पैसे नाव असणाऱ्याच्या खात्यावर जातात, आणि बेणे-खत घालणारा कोरडाच राहतो. कायदा काय सांगतो ते राहू द्या. ज्याचा खर्च बुडाला त्याच्या हाती ते पैसे गेले पाहिजेत. तसेच ज्याच्या रानात पाणी शिरलेच नाही, त्याने यादीत नाव घालायची खटपट करू नये. एका खोट्या नावापायी साऱ्या गावच्या पंचनाम्यावर संशय येतो.

मदत मागण्यात कमीपणा नाही. पण मागणी खरी आणि कागद पुरा असला, की बोलायला जोर येतो.

— ऊस विकास अधिकारी