पान्यावर उभे राहू नका

पुणे–हैदराबाद महामार्गावर चाक बदलायची रीत सोलापुरापासून उमरगा, राजेश्वर, हुमनाबादपर्यंत बहुतेक एकच. एल पाना नटावर चढवायचा, टोकावर पाय द्यायचा आणि अंगाचा भार टाकायचा. मालट्रकच्या नटाला तेवढा जोर लागतोच. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या पत्र्याच्या चाकाला मात्र तो झेपत नाही.

हिशेब साधा आहे. 70 किलोचा माणूस 40 सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला की नटावर सुमारे 275 न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ 200 फूट-पौंड जोर पडतो. अर्ध्या इंचाचा स्टड आणि जुने लोखंडी चाक असेल, तर 75 ते 85 फूट-पौंड पुरतात. हा आकडा गाडीचे पुस्तक हाती नसताना धरायचा. पुस्तक असेल तर त्यातलाच खरा. जादा आवळल्याने स्टड ताणला जाऊन कायमचा लांबतो, चाकातली निमुळती बैठक फाकते आणि ड्रम वाकडा होऊन ब्रेक मारताना पेडल थरथरते. दोष मग लायनरवर ढकलला जातो!

तेलाचा प्रश्न वादाचा. गंजलेल्या आट्यांना थेंबभर तेल देण्याची अनेक जुन्या मिस्त्रींना सवय आहे आणि त्यांचे कारणही खरे आहे: कोरडा नट पुढच्या वेळी निघत नाही. पण लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणण्यात जातो, बाकीचा घर्षणात. तेलाने घर्षण घटले की त्याच आकड्याला स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. म्हणून आटे तारेच्या ब्रशने साफ करून कोरडेच ठेवावेत. चाक आणि ड्रम जिथे टेकतात तिथला रंगाचा थरही खरवडावा. नव्याने रंगवलेल्या चाकात हाच थर दबतो आणि नट आपोआप ढिले पडतात. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले, तर चाक हलते आहे असे समजावे.

उलट्या आट्यांचा घोळ वेगळाच. विलिस जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात जुळवलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांचीही तीच तऱ्हा, तिथे तर नटाऐवजी बोल्ट. स्टडच्या टोकावरचा उलट्या आट्यांच्या खुणेचा ‘एल’ गंजाखाली बुजला की रस्त्यावरचा पोरगा नट सोडवतो आहे असे समजून आवळत राहतो आणि स्टड तुटतो. त्यातच मध्येच कुणी हब बदललेला असला, तर एकाच गाडीत दोन्ही प्रकार सापडतात. तेव्हा प्रत्येक चाक स्वतंत्र तपासावे आणि उलट्या आट्यांच्या ड्रमवर रंगाची खूण करावी.

2021च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हीए’ म्हणजे विंटेज नोंदणीच्या गाड्या रोजच्या वापरात चालवता येत नाहीत. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा ठरावीक कामांपुरत्याच त्या बाहेर पडतात. महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी एकदम लांबच्या पल्ल्याला निघते, म्हणून पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतरची फेरतपासणी टाळू नये. सोलापुराहून राजेश्वरकडे येणाऱ्याला ती उमरग्याच्या चहाच्या थांब्यावर जमते: ड्रम निवू द्यायचे, टॉर्क रेंच त्याच आकड्यावर लावायचा आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने पाहायचे. लावलेला आकडा आणि फेरतपासणीचे किलोमीटर गॅरेजने जॉबकार्डावर लिहून मालकाच्या हाती द्यावेत.