परदेशांतील रविवार आणि अनोळखी पाणी

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलाचें पत्र पूर्वीं महिन्याकांठीं येत असे. आतां दूरध्वनीच्या पडद्यावर मुलगा स्वतःच उभा राहतो, आणि रविवारीं तो असतो बहुधा एखाद्या डोंगरावर, नाहीं तर सरोवराच्या कांठीं. मग घरांतील वडील मंडळींपैकीं कोणी तरी म्हणतोच, “एवढें कर्ज काढून धाडला, तो हिंडावयास काय?”

मला हा आक्षेप पटत नाहीं. जर्मनीचेंच उदाहरण घ्या. तेथें रविवारीं प्रायः सर्व दुकानें कायद्यानेंच बंद असतात. फ्रायबुर्गसारख्या विद्यापीठाच्या गांवीं दिवसभर खोलींत बसणाऱ्या मुलास एकटेपणा खावयास उठतो, आणि गांवाला लागूनच तर श्वार्त्सवाल्डचें अरण्य पसरलेलें! तेथील पदयात्री संघ १८६४ सालीं स्थापन झाला. फोर्त्सहाइमपासून बाझलपर्यंतची सुमारें २८५ किलोमीटरांची वाट १९०० सालीं आंखली गेली, ती आजही तांबड्या चौकटीची खूण पाहात कोणीही चालावी. अरण्यांतील सर्वांत उंच शिखर फेल्डबर्ग १४९३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून दीडशें मीटरांनीं ठेंगणेंच. (फेल्डबर्ग चढलेल्या आपल्या मुलांपैकीं कळसूबाई किती जणांनीं पाहिली असेल, हा प्रश्न निराळा.) तेव्हां मुलांस खुशाल हिंडूं द्यावें.

भय डोंगराचें तितकें नाहीं, जितकें पाण्याचें आहे. जून २०२४ मध्यें रशियांतील वेलिकी नोव्हगोरोद येथें वैद्यक शिकणारे चार भारतीय विद्यार्थी वोल्खोव नदींत बुडाले. त्यांत आपल्या जळगांव जिल्ह्यांतील मुलें होतीं. मोकळ्या वेळीं नदीकांठीं फिरावयास गेलेलीं मुलें तीं. एकीस वाचवावयास इतर धांवलीं, असें त्या वेळच्या बातम्यांत होतें. ती मुलगीही वांचली नाहीं. तिच्यासह चौघें गेलीं.

अमरकोशांत पाण्याच्या नांवांमध्यें ‘जीवन’ आहे, आणि ‘विष’ या शब्दाचा एक अर्थ पाणी असाही दिला आहे. शाळेंत हें पाठ करतांना मुलें हंसतात.

आमच्या मालवणकडील मुलास वाटतें, आपण समुद्रांत वाढलों, आपणांस नदीचें काय भय? परंतु येथील समुद्र बारा महिने कोमट, सहसा पंचवीस अंशांच्या वरच. शिवाय खारें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा अडीच भाग जड, म्हणून तें अंगास अधिक उचलून धरतें. पंधरा अंशांहून थंड पाण्यांत उडी घेतली कीं छाती आपोआप मोठा श्वास ओढते. त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असलें तर पाणीच आंत जातें. पुढें एक-दोन मिनिटें श्वास ताब्यांत राहत नाहीं. त्यानंतर कांहीं मिनिटांतच हातापायांचे स्नायू गारठूं लागतात, आणि पट्टीचा पोहणाराही हतबल होतो.

ब्रिटनमध्यें १८२४ सालीं स्थापन झालेली जीवरक्षक नौकांची संस्था आज सांगते तें सोपें आहे: पोहण्याची धडपड करूं नये, डोकें मागें टाकून, कान पाण्यांत बुडूं देऊन, हात हळूहळू हलवीत तरंगत राहावें, श्वास ताळ्यावर आला म्हणजे मग हांक मारावी किंवा कांठ गांठावा. आणि दुसरा बुडत असेल तर आपण उडी घेऊं नये. दोर फेंकावा, तरंगणारी वस्तु फेंकावी, माणसें बोलवावीं. हें निष्ठुर वाटतें. पण हें मुलांस घरूनच, निघण्यापूर्वीं, स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे. ऐन वेळीं कोणास सुचत नाहीं.

दुसरें, तेथील माणसांस विचारावें. हें मी मालवणांत बसून सांगतों, तें उगीच नव्हे. १५ एप्रिल २०१७ रोजीं येथील वायरीच्या किनाऱ्यावर बेळगांवच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलींतील आठ जण बुडाले. घाटावरून आलेल्यांस हें पाणी जितकें परकें, तितकेंच आमच्या मुलांस वोल्खोवचें. कोणतें पाणी कोठें ओढतें हें त्या कांठावर राहणाराच जाणतो. आमच्याकडे तो जाळें विणीत वाळूंत बसलेला असतो, तिकडे पुष्कळ ठिकाणीं पाटी लिहिलेली असते. परकी भाषा अर्धवट येत असली तरी ती पाटी अक्षर अक्षर लावून वाचावी.

यांतही आमच्या मुलांचा एक हिशेब तिकडे उलटा पडतो. आपला समुद्र धोक्याचा झाला कीं तसा दिसतो. पावसाळ्यांत लाटा उसळतात, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोणास मुद्दाम कांहीं सांगावें लागत नाहीं. तिकडे धोक्याचा दिवस म्हणजे मे-जूनमधील लख्ख उन्हाचा: हवा पंचवीस अंशांची, कांठावर माणसें ऊन खात पडलेलीं, पाणी आरशासारखें निश्चळ, आणि तें मात्र हिंवाळ्यांतला गारठा अद्याप धरून बारा-चौदा अंशांवर.