जादूची पेन्सिल किती वेळा?

विद्यार्थी मित्रांनो, खास तुमच्यासाठी म्हणून दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिका एकदा शेजारी शेजारी मांडून पाहा. १९९७ साली ‘शक्तिमान’ आला. २००० साली ‘सोनपरी’ आली. फ्रूटीने जादूचा चेंडू घासला की परी हजर! त्याच सुमारास ‘शाका लाका बूम बूम’मधला संजू पेन्सिलीने जे काढी ते खरे होई. २०१२ सालचा ‘बालवीर’ही परीलोकातलाच. संकट आले की अलौकिक शक्ती धावून येणार, हे ठरलेले. गोष्टीत जादू असावी, आमची हरकत नाही. पण दर वेळी तीच? पेन्सिलीने दिवा काढला की उजेड पडतो. मग तार कुठे तुटली, फ्यूज का उडाला, हे हुडकण्याची गंमत उरतेच कुठे? १९८६ च्या ‘मालगुडी डेज’मधल्या स्वामीजवळ कुठे जादू होती? गणिताची धास्ती होती आणि क्रिकेटचा संघ होता. त्यावर मालिका उत्तम चालली. गावातली विहीर यंदा लवकर का आटली, याचा छडा आठवीतली मुले लावीत आहेत, दोनदा चुकत आहेत, भांडत आहेत, अशी मालिका का निघू नये? शिक्षकांच्या मदतीने तिचा पहिला भाग यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी तुम्हीच लिहा पाहू.