सुरुवात एकाची, टिकाव घराचा

शाळा सुरू झाल्या की गावोगावी भित्तीपत्रके लागतात. वर रंगीत अक्षरांत नाव, खाली चार-सहा मुलांचे लेख, एखादे चित्र, एखादे कोडे. पहिल्या अंकाभोवती मुलांची गर्दी होते. दुसरा अंक उशिरा लागतो, तिसऱ्याला लेखच मिळत नाहीत. पुढे दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातली, नारायणगडच्या पंचक्रोशीतलीही, कितीतरी मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि भिंतीवरचा कागद तसाच पिवळा पडत राहतो. घरात वही घालून लिहू लागलेल्या आपल्या मुलामुलींचेही पुष्कळदा असेच होते. लिहायला घेणे सोपे असते, लिहीत राहणे अवघड. म्हणून या महिन्यात आम्ही अशी सुरुवात केलेल्या काही थोर माणसांचे पहिले दिवस वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिला प्रश्न भाषेचा येतो. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. मराठीतले ते पहिले वृत्तपत्र. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते. अंकात एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी मजकूर असे. राज्यकर्त्यांना एक भाषा कळत होती, लोकांना दुसरी. दोघांशी बोलायचे तर दोन्ही भाषा हव्यात, इतका साधा हिशेब त्यामागे होता. सुरुवातीला पाक्षिक असलेले 'दर्पण' चार महिन्यांत साप्ताहिक झाले आणि आठ वर्षांहून अधिक चालले.

आपल्या घरांत हा प्रश्न रोजचा आहे. आई-अब्बांशी दखनी, मकतबात उर्दू आणि अरबी, शाळेत आणि बाजारात मराठी. मग मूल विचारते, "सर, कोणत्या भाषेत लिहू? माझी एकही भाषा शुद्ध नाही." अशा मुलाला आम्ही उलट विचारतो, "वाचणार कोण आहे?" नानीला पत्र लिहायचे तर उर्दूत लिही. गावातल्या पाण्याच्या टँकरबद्दल लिहायचे तर मराठीत लिही, कारण ते गावाने वाचायला हवे. शुद्धलेखन लिहिता लिहिता सुधारते. न लिहिता ते कुणाचेच सुधारलेले नाही.

दुसरी परीक्षा असते ती थोड्या वाचकांची आणि टोमण्यांची. १ जुलै १८९८ रोजी लाहोरमध्ये 'तहजीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांसाठीचे उर्दू साप्ताहिक सुरू झाले. सय्यद मुमताज अली यांनी ते काढले आणि संपादन त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांच्याकडे होते. एका मुस्लिम स्त्रीने नियतकालिक चालवावे, हे त्या काळी अनेकांना रुचले नाही. लोकांना पाठवलेले अंक परत येत आणि कधी कधी त्यांवर शिव्याही लिहिलेल्या असत. तीन महिन्यांनंतर वर्गणीदार होते साठ-सत्तर. तेव्हाच हिशेब मांडून दोघे थांबले असते, तर आज त्यांचे नावही कुणाला आठवले नसते. चार वर्षांनी ती संख्या तीन-चारशेवर गेली.

पुढची गोष्ट आम्हांला त्याहून मोलाची वाटते. १९०८ साली मुहम्मदी बेगम जेमतेम तिशीत अल्लाहला प्यारी झाल्या, पण अंक बंद पडला नाही. मुमताज अलींची मुलगी वहीदा बेगम यांनी संपादन हाती घेतले. नंतर मुलगा इम्तियाज अली ताज यांनी ते सांभाळले. हेच ताज पुढे 'अनारकली' नाटकामुळे गाजले. सुमारे पन्नास वर्षे ते साप्ताहिक चालले, कारण एकीने धरलेली लेखणी साऱ्या घराने आपली मानली.

एकट्याच्या खांद्यावर काम पडले की काय होते, हे आपल्या महाराष्ट्रातच दिसते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत दिली. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ साली 'मूकनायक' बंद पडले. १९२७ मध्ये त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले. त्यात अंकाचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहून भरावे लागत. तेही १९२९ मध्ये थांबले. तरी बाबासाहेब थांबले नाहीत. १९३० साली 'जनता' आले आणि ते कितीतरी अधिक टिकले. म्हणजे एक अंक बंद पडला म्हणून लेखणी संपत नाही. पण लिहिणाऱ्याला हात देणारी माणसे मिळाली नाहीत, तर बाबासाहेबांसारख्यांनाही किती कष्ट पडतात, तेही यातून कळते.

आपल्याला तर या कामाची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही. पहिल्या वहीतच वाचण्याचा आदेश आहे आणि लेखणीचा उल्लेख आहे. नियमाने केलेले काम थोडे असले तरी अल्लाहला प्रिय आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण घराघरांत ठाऊक आहे. आलेल्या बातमीची आधी खातरजमा करा, ही सूरह हुजुरातमधली ताकीद मोबाइलवर आलेले पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे, आणि लिहिणाऱ्याने तर जास्तच.

आता घरात करण्यासारखे काही. मुलाला किंवा मुलीला आठवड्यातला एक दिवस ठरवून द्या. जुम्याची संध्याकाळ चांगली. एक पान पुरे. विषय जवळचा असू द्या: दादीची औषधे, शेजारच्या शेतातला कापूस, ईदचा शीरखुर्मा, बंद पडलेली एसटी. इशानंतर दहा मिनिटे अब्बांनी ते पान ऐकावे. चुका नंतर काढाव्यात, आधी पुढे काय झाले ते विचारावे. भावाने बहिणीच्या लिहिण्याला हसू नये. मुलीचे नाव छापून आले तर "कशाला हवे होते?" असे म्हणण्याऐवजी तो अंक पाहुण्यांना दाखवावा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाच्या सामानात एक कोरी वही आणि दोन पेन टाकावेत. तो परतल्यावर वर्गाने ती वही ऐकावी. फडावरचे आयुष्य त्याच्याइतके वर्गात दुसरे कोण सांगू शकेल?

आपल्या समाजाबद्दल पुष्कळ लिहिले जाते, पण त्यातले आपण लिहिलेले थोडे असते. ते वाढायचे असेल, तर आज घरात पहिले पान लिहिणाऱ्या मुलीचे पाचवे आणि दहावे पानही आपण ऐकले पाहिजे. पहिल्या पानाचे कौतुक सगळेच करतात. दहाव्या पानापर्यंत तिच्या जवळ बसणारे घरातलेच कुणी असावे लागते.