दोनशे गुणांचा व्यवसाय
कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात उच्च माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याचा जो आग्रह धरला, आणि १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने १९९५ पर्यंत त्या स्तरावरील शेकडा २५ विद्यार्थी व्यवसाय-अभ्यासक्रमांकडे वळविण्याचे जे उद्दिष्ट मुक्रर केले, त्यांची महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत झालेली परिणती मोठी उद्बोधक आहे. दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा व्यवसाय-विषय घेण्याची मुभा देणारा द्विलक्षी अभ्यासक्रम सुरू होताच, इलेक्ट्रॉनिक्स वा संगणकशास्त्र पत्करणारे कितीतरी हुशार विद्यार्थी, टक्केवारी वाढेल आणि वाचलेला वेळ अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीस लागेल, या हिशेबाने तिकडे धावले. उलट, किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रमात रोजकीर्द लिहिणारा, खतावणी मांडणारा आणि विक्रीची कला हस्तगत करणारा विद्यार्थी, इतरत्र प्रवेश न मिळालेला म्हणूनच बहुधा ओळखला गेला. वस्तुतः कौशल्याची प्रतिष्ठा पाठ्यक्रमाच्या पुनर्रचनेने वाढत नसून, बाजारात त्या कौशल्याला मिळणाऱ्या वेतनावरून ठरते, आणि तो प्रश्न शिक्षण खात्याच्या अखत्यारीत कधीच नव्हता.